बाईंची पाटी : नजर कमी झालेल्या एका वाचकासाठी ई-रीडर घेण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका गावात आमचं छोटं सार्वजनिक वाचनालय आहे. मी तिथली ग्रंथपाल. हे प्रकरण आमच्या सगळ्यात जुन्या वाचकांपैकी एकीचं आहे. त्या 77 वर्षांच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. गाव त्यांना बाई म्हणतं आणि मीही बाईच म्हणते, कारण चौथीपर्यंत मी त्यांच्याच वर्गात होते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला बाईंनी परवानगी दिली, वर बजावलं, "चुका गाळू नकोस हां. त्यातूनच दुसऱ्याला कळतं."

बाईंचं वाचन म्हणजे आठवड्याला दोन पुस्तकं, कादंबरी आणि आत्मचरित्र जास्त. पुस्तक संपलं की मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने बारीक तारीख. मग ते पुस्तक वाडीतल्या तिघींकडे फिरे आणि प्रत्येकीच्या नावाचं पहिलं अक्षर त्या तारखेखाली उमटे. परत आलेल्या पुस्तकाचा पुठ्ठा उघडला की त्याचा सगळा प्रवास मला कळत असे.

मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रिया नीट झाल्या होत्या. पण दोनेक वर्षांनी बाईंना दाराची सरळ चौकट वाकडी दिसायला लागली आणि ओळीतलं मधलंच अक्षर गळायला लागलं. तपासणीत निघालं की डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची वयोमानाने झीज होते आहे. हळू चालणारा, कोरडा प्रकार. चष्म्याचा नंबर बदलून यात फरक पडत नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच : अक्षर मोठं हवं, काळं अगदी काळं आणि पांढरं अगदी पांढरं हवं, उजेड भरपूर हवा.

माझ्या नोंदवहीत बाईंच्या नावापुढे महिन्याला आठ पुस्तकं असायची. ती चारावर आली, मग एकावर. शेवटचं पुस्तक परत आलं तेव्हा पुठ्ठ्याच्या आत तारीखच नव्हती.

अडचण नेमकी कुठे होती

बाईंना दिसत नाही, एवढंच धरून आम्ही सुरुवातीला चाललो होतो. त्यांच्यासोबत बसून पाहिलं तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

अक्षराचा आकार ही पहिली. दुसरी आमच्या हवेची. सिंधुदुर्गात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर आमची कपाटं दमटच असतात. डांबराच्या गोळ्या, कडुनिंबाचा पाला, ऑक्टोबरात ऊन दाखवणं, सगळं करूनही कागद पिवळा पडतो, मग तपकिरी होतो. धडधाकट डोळ्याला त्याचं काही वाटत नाही. पण ज्या डोळ्याला काळ्या-पांढऱ्यातला फरकच कमी कळतो, त्याला तपकिरी पानावरचा करडा मजकूर म्हणजे कोरं पानच. बाई नवीन पुस्तकाची दहा पानं वाचू शकत आणि वीस वर्षांपूर्वीच्या आवृत्तीचं एकही नाही, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

तिसरी अडचण बोटांची. संधिवातामुळे जाड पुस्तक उघडं धरणं त्यांना जमेना. दिवाळी अंक तर उशीवर ठेवूनच वाचावा लागे.

पर्याय

गणपतीला बाईंचा मुलगा डोंबिवलीहून आला तेव्हा त्याने विषय काढला. "आईला टॅब घेऊन देतो, त्यात सगळंच होतं." मी म्हटलं, घाई नको, आधी एकेक करून पाहू.

मोठ्या टाइपाची पुस्तकं हा सगळ्यात सरळ उपाय. पण मराठीत मोठा टाइप मिळतो तो पारायणाच्या पोथ्यांना. ज्ञानेश्वरी, दासबोध, गुरुचरित्र हे बाईंकडे होतंच. मोठ्या टाइपातली कादंबरी मात्र आमच्या सगळ्या कपाटांत एकही निघाली नाही. दिव्याचं भिंग आणलं. ते चिठ्ठी वाचायला, औषधाच्या बाटलीवरची तारीख बघायला चांगलं. पण भिंगाखाली एका वेळी तीन-चार शब्द येतात आणि ओळ संपून दुसरी धरेपर्यंत वाक्याचा धागा तुटतो.

ऐकण्याची पुस्तकं मुलाच्या फोनवर लावून पाहिली. स्टोरीटेल हे ॲप 2017 पासून मराठी पुस्तकं ऐकवतं आणि वाचणारे आवाजही चांगले असतात. बाईंनी दोन संध्याकाळी मनापासून ऐकलं. "गोष्ट कळते गं, पण मला मागे जाऊन एक वाक्य परत बघायचं असतं, ते जमत नाही," म्हणाल्या. शिवाय दुपारी आडवं होऊन ऐकलं की डोळा लागतो.

टॅबची बाजू मी तेव्हा होती त्याहून कमी धरली, हे आज कबूल करते. टॅबवर पीडीएफ मोठं करून वाचता येतं, कुठल्याही विक्रेत्याचं ॲप चालतं, रंग दिसतात आणि मजकूर मराठीत मोठ्याने वाचून घेता येतो. त्याच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही खऱ्याच. दहा इंची टॅब अर्धा किलोच्या घरात जातो. दिवसाउजेडी पडवीत धरला तर काचेत माडांचं प्रतिबिंब दिसतं. आणि आमच्याकडे आषाढात तारांवर फांदी पडली की दोन-दोन दिवस वीज येत नाही.

ई-रीडर म्हणजे फक्त पुस्तकं वाचण्यासाठीचं यंत्र. त्याचा पडदा वेगळा असतो. त्याच्या कागदासारख्या थरात केसाच्या जाडीइतक्या बारीक कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण. वीज ज्या बाजूने खेचते त्याप्रमाणे काळे किंवा पांढरे कण वर येतात आणि तिथेच थांबतात. पान उलटतानाच वीज लागते, वाचताना नाही. म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते आणि ऊन जितकं लख्ख तितकं अक्षर स्पष्ट. आतला दिवाही डोळ्यात न येता कडेने पडद्यावर पडतो. उणिवाही तिथूनच येतात. रंगाच्या महागड्या मॉडेलांचं सोडलं तर सगळं काळं-पांढरंच, चित्रं करडी, पान बदलताना क्षणभर लुकलुक, कधी आधीच्या पानाची पुसट सावली.

निर्णय आणि खरेदी

कणकवलीतल्या एका शिक्षकांचा ई-रीडर आम्ही आठ दिवसांसाठी मागून आणला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात आमचा हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. त्यात एक मराठी कथासंग्रह होता. पहिल्या संध्याकाळी अक्षर मोठं मोठं करत गेलो. सात पायऱ्या चढल्यावर बाई थांबल्या, चष्मा सारखा केला आणि एक ओळ मोठ्याने वाचली. नंतर अख्खं पान. शाळेत धडा वाचत तशाच, विरामचिन्हांवर थांबून.

त्या आठ दिवसांत मराठीपुरत्या काही गोष्टी शिकलो. आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींमधलं अंतर नुसतं ठेवून चालत नाही, वाढवावं लागतं. मजकूर दोन्ही कडांना सरळ ठेवला की मोठ्या अक्षरात एका ओळीत तीनच शब्द येतात आणि त्यांच्यामध्ये खिंडी पडतात. म्हणून फक्त डावी कड सरळ ठेवायची. अक्षर जाड करायची सोय असेल तर ती आकार वाढवण्याइतकीच उपयोगी पडते. आणि पुस्तक दाखवून घेताना जोडाक्षरं तपासायची. 'ऱ्या' नीट जुळतो का, 'श्र' तुटतो का, हे एका पानात कळतं.

बाईंच्या आकाराला सुमारे सात इंचांच्या पडद्यावर चाळीसेक शब्द मावतात. म्हणजे अडीचशे पानांची कादंबरी दीड हजारावर पानांची होते. हे आम्ही मोजलं होतं आणि तरी हो म्हटलं, कारण यंत्राचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास होतं आणि बोटांना आराम होता.

मुलाने 15,000 रुपयांच्या घरातला ई-रीडर घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. आमच्या चुका यंत्राच्या नव्हत्या, निवडीच्या होत्या.

पहिले तीन महिने

आठ दिवसांत आम्ही बाईंचा डोळा तपासला होता, त्यांची यादी नाही.

यंत्र घरी आल्यावर बाईंनी वहीत 22 पुस्तकांची नावं लिहून दिली, वर्षानुवर्षं राहून गेलेली. मी शोधायला बसले. यंत्राच्या स्वतःच्या दुकानात नऊ मिळाली. चार दुसऱ्या मराठी विक्रेत्याच्या ॲपवर होती, पण ते ॲप फोनवर आणि टॅबवर चालतं, या यंत्रावर नाही. तीन फुकट पीडीएफ म्हणून होती. सहा कुठेच नव्हती. मुलाने फोनवर विचारलं, "काय, लागली का गाडी रुळावर?" मला काय उत्तर द्यावं ते सुचेना.

यामागे कारण आहे आणि ते मला खरेदीआधी ठाऊक असायला हवं होतं. ॲमेझॉनचं किंडल हे ई-रीडर अमेरिकेत 2007 साली आलं, पण भारतातल्या किंडलच्या दुकानात मराठीचा वेगळा विभाग डिसेंबर 2016 मध्ये उघडला. त्या दुकानातल्या मराठी ई-पुस्तकाचं वयच तेवढं. त्याआधीची कित्येक पुस्तकं युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला संगणकात ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीच्या फॉन्टांत जुळवलेली आहेत. त्या फॉन्टात पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षर असतं. असा मजकूर ई-पुस्तकात ओतला की नुसता कचरा येतो. तो बदलून, तपासून, पुन्हा वाचून घ्यावा लागतो, आणि जुन्या, कमी खपाच्या पुस्तकासाठी एवढा खर्च करणं प्रकाशकाला जड जातं.

मी स्वतः एका पीडीएफवर हा प्रयोग केला. पीडीएफ म्हणजे पानाचा ठरलेला साचा. त्यातलं अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलीतला मजकूर मात्र वाहता असतो, अक्षर वाढलं की ओळ आपोआप मोडते. मी पीडीएफचं ईपब केलं आणि उघडलं तर पहिल्या पानावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांगोळी. बाईंनी यंत्र माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाल्या, "हा दोष माझ्या डोळ्यांचा नाही ना गं?" ते वाक्य मला फार लागलं. नीट न तपासता त्यांच्यासमोर ठेवायला नको होतं.

दुसरी चूक खात्याची. यंत्र मुलाच्या खात्याला जोडलं होतं. बाईंना पुस्तक हवं असेल तर ओटीपी जाणार डोंबिवलीच्या फोनवर, आणि तो लोकलमध्ये. शिवाय बाईंच्या पडद्यावर त्याची व्यवस्थापनाची इंग्रजी पुस्तकं. चाळीस वर्षं स्वतःच्या पगारातून पुस्तकं घेतलेल्या बाईला एकेका पुस्तकासाठी मुलाची वाट बघावी लागली आणि त्यांनी मागणंच बंद केलं. मला हे महिन्याभराने कळलं, तेही वाडीतल्या शेजारणीकडून.

तिसरी गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. एका दुपारी त्याच शेजारीण पडवीत आल्या, यंत्राकडे बघून म्हणाल्या, "बाई, ही खयची पाटी?" बाईंनी दाखवलं. त्यांनी विचारलं, "मगे माका वाचूक कधी देतलास?" बाई गप्प झाल्या. देण्यासारखं हातात काही नव्हतं. पुठ्ठा नाही, तारीख नाही, खालची अक्षरं नाहीत. तिघींचं वाचन बाईंच्या हातून जात होतं, ते थांबलं होतं.

काय बदललं

नोव्हेंबरात आम्ही तिघं, म्हणजे बाई, मुलगा आणि मी, फोनवर अर्धा तास बोललो. बाईंच्या स्वतःच्या नावाने खातं काढलं, त्यांच्याच मोबाईल नंबरवर. त्यात थोडी रक्कम आधीच भरून ठेवली. खातं बदललं म्हणून मुलाच्या खात्यातून घेतलेली दोन पुस्तकं मागे राहिली, ती परत घ्यावी लागली. कागदी पुस्तक असतं तर नुसतं फळीवरून उचललं असतं. ई-पुस्तकाचे पैसे मोजताना आपण वाचण्याचा परवाना घेतो. 2009 च्या जुलैमध्ये हक्कांच्या वादावरून ॲमेझॉनने विकलेली काही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण असं होऊ शकतं हे जगाला तेव्हा दिसलं. म्हणून बाईंनी एक नियम केला : जे पुस्तक नातीसाठी ठेवायचं ते कागदावरच घ्यायचं.

जुन्या पुस्तकांसाठी वेगळी वाट सापडली. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी लेखनाचा हक्क खुला होतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे 2011 पासून त्यांचं लेखन सगळ्यांचं. हरि नारायण आपटे तर 1919 सालीच गेले. असं बरंचसं साहित्य मराठी विकिस्रोत या मोफत ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर युनिकोडमध्ये आहे आणि तिथून ते ईपब म्हणून उतरवून घेता येतं. यादीतल्या सहापैकी दोन पुस्तकं अशी मिळाली. तीन पीडीएफपैकी एक, लहान पानाचं, कडा कापून आणि यंत्र आडवं धरून वाचण्याजोगं झालं. बाकी दोन सोडून दिली.

वाडीतल्या तिघींसाठी वाचनालयाने ठरवलं की बाई यंत्रावर जे वाचतील त्याची कागदी प्रत आमच्याकडे असेल तर तीच त्या आठवड्यात वाडीत द्यायची. पण त्याहून चांगलं जे झालं ते आम्ही ठरवलेलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी बाई पडवीत यंत्र घेऊन बसतात आणि तिघींना मोठ्याने वाचून दाखवतात. चाळीस शब्दांचं पान मोठ्याने वाचायला अगदी बेताचं पडतं, श्वास घ्यायच्या जागीच पान उलटतं. गेल्या आषाढात वीज गेली तेव्हाही वाचन चाललं, यंत्राच्या दिव्यावर, बाहेर पाऊस कोसळत असताना.

त्याच पावसात एक अपघात होता होता राहिला. वीज आल्या आल्या बाईंनी यंत्र चार्जिंगला लावलं, पण ते चार्ज होईना. खाचेत ओल होती आणि धातूवर हिरवट थर धरला होता. पाण्यापासून बचावाचं जे मानांकन असतं ते गोड्या पाण्यात ठरावीक वेळ बुडण्यासाठी. महिनोन्‌महिने खारी, दमट हवा लागणं ही वेगळी गोष्ट. खाच दोन दिवस पंख्याखाली वाळवली, कोरड्या मऊ ब्रशने झटकली, तेव्हा चालू झालं. आता यंत्र रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतं. बाई त्याला फरसाणाचा डबा म्हणतात, कारण तो आधी तोच होता.

पुन्हा करायचं झालं तर

यंत्र हातात घेण्याआधी मी वाचकाकडून पुढच्या वीस पुस्तकांची यादी लिहून घेईन आणि प्रत्येक नाव शोधून पाहीन : वाहत्या मजकुरात आहे का, कुठल्या दुकानात आहे, ते दुकान या यंत्रावर उघडतं का. निम्म्याहून जास्त मिळाली तर ई-रीडर. कमी मिळाली आणि जास्त करून पीडीएफच निघाली तर वजन सोसून टॅब. बाईंची नऊ होती. म्हणजे या कसोटीवर त्यांना ई-रीडर घेऊच नका असं मी सांगितलं असतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं, कारण यादीबाहेरची नवी पुस्तकं त्यांनी भरपूर वाचली. यावर मी अजून विचार करते आहे. यादी निर्णय करणार नाही, पण अपेक्षा जागेवर ठेवील. रुळावर गाडीचा प्रश्न आला तेव्हा मी गप्प बसले नसते.

पान उलटायला बटण असलेलं मॉडेल मी आग्रहाने घ्यायला लावीन. दीड हजार वेळा पडदा टेकवणं वाकड्या बोटांना सोपं नाही, आणि बोट ओलं असलं की यंत्र भलतंच ऐकतं. खातं पहिल्या दिवसापासून वाचणाऱ्याच्या नावाने. आणि वाचणाऱ्यासोबत आणखी कोण वाचतं हे आधी विचारीन.

डॉक्टरांकडच्या फेऱ्यांचं वेळापत्रक मात्र यंत्रामुळे ढिलं पडू द्यायचं नाही. अक्षर मोठं करता येतं म्हणून बाईंनी एक तपासणी टाळली होती, डावा डोळा जास्त गेलाय हे त्यांना कळलंच नाही. आता घरात चौकड्यांचा कागद लावला आहे. रोज एकेक डोळा झाकून त्याच्या रेघा सरळ दिसतात का, ते त्या बघतात.

सध्या

अक्षर दोन पायऱ्यांनी आणखी वाढलं आहे. पानावर आता तीस-बत्तीस शब्द येतात. महिन्याला पाच पुस्तकं होतात, त्यातली तीन यंत्रावर. ऐकण्याचं ॲपही बाईंनी परत सुरू केलं आहे, पण फक्त प्रवासवर्णनांसाठी. "त्यात मागे जायचं नसतं," असं म्हणाल्या.

कपाटाच्या दाराला आतून त्यांची वही टांगलेली आहे. प्रत्येक नावापुढे खूण असते : पाटी, कागद किंवा कान. संपलेल्या पुस्तकापुढे तारीख, आणि तिच्याखाली शनिवारच्या तिघींची पहिली अक्षरं. कालच्या पानावर सात नावं होती. चारांपुढे पाटी, एकापुढे कागद, एकापुढे कान. सातव्यापुढची जागा रिकामी आहे. ते पुस्तक कुठल्याच रूपात मिळत नाही, आणि त्याची जुनी, तपकिरी प्रत आमच्या कपाटात आहे. पुढच्या शनिवारी मी ती घेऊन जाणार आहे. या वेळी वाचून दाखवायची पाळी माझी.